दिसलं म्हणणारे दाजी

दाजी चहा पिण्याआधी कपात डोकावून बघत. आत चहाच आहे अशी खात्री पटल्यासारखी मान हलवत आणि मग पहिला घोट घेत.

खुर्चीत बसले की डावा बूट काढून ठेवत. उजवा नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

लिफ्टचं बटण एकदाच दाबत. मागून येऊन कुणी पुन्हा दाबलं की म्हणत, "तिला ऐकू येतं हो."

घराला कुलूप लावलं की ओढून बघत. जिना उतरत, परत वर येत, पुन्हा ओढून बघत. बायको खाली रस्त्यावर उभी राहून म्हणे, "अहो, कुलूप आहे ते, गाय नाही. सुटून जाणार नाही कुठे."

आकडा वाचायचा तर मोठ्याने वाचत. औषधाची बाटली असो, विजेचं बिल असो की समोरच्या घराचा नंबर. मनातल्या मनात वाचलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आणि कुणाचं चुकलेलं दिसलं की त्यांना मनापासून आनंद होई. तो आनंद ते लपवत नसत. हेही सांगायला हवं. माणूस गेला की आपण त्याला धुऊन-पुसून ठेवतो. दाजींना ते आवडलं नसतं.

त्यांना दाजी म्हणायचा हक्क खरं तर जगात एकाच माणसाला होता. बायकोच्या धाकट्या भावाला. पण दाजींनीच त्याला आपल्या कंपनीत चिकटवला, आणि पहिल्याच दिवशी तो सगळ्यांदेखत ओरडला, "दाजी, माझी खुर्ची कुठली?" संध्याकाळपर्यंत अख्खी कंपनी त्यांना दाजी म्हणायला लागली. मालकसुद्धा. मालकांच्या आईने तर एकदा फोन करून विचारलं होतं, "दाजी, आमचा हा जेवला का?" मग त्या भावाचं नाव मेहुणे पडलं, ते आपसूकच.

कंपनी लहान. एका इमारतीचा मधला मजला. खाली काचा कापायचं दुकान, वर दाताचा डॉक्टर. त्यामुळे दिवसभर खालून आणि वरून कुणीतरी काहीतरी कापतंय असा आवाज यायचा. मध्ये ही माणसं बसून एक साइट चालवायची. डायलिसिस केंद्रांची साइट. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून ठरल्या दिवशी केंद्रावर जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. कुणी कुठल्या केंद्रावर जायचं, किती वाजता, कुठल्या पलंगावर, हे सगळं त्या साइटवर ठरायचं. चुकून चालत नसे. एक दिवस चुकला तर माणूस सुजतो. दोन चुकले तर त्याला श्वास लागतो.

या साइटमध्ये सारखे बदल व्हायचे. कधी नवीन केंद्र, कधी नवीन वेळ, कधी जुनी चूक दुरुस्त. बदल झाला की साइटची नवी आवृत्ती लोकांसमोर जायची, आणि प्रत्येक आवृत्तीला एक आकडा असायचा. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात. चार-सात-दोन. चार-सात-तीन. काही बिघडलं तर तो आकडा बघून कळायचं, कुणाच्या हातून, कधी आणि काय.

हा आकडा द्यायचं काम दाजींचं.

त्यांची रीत ठरलेली होती. ज्याला बदल चढवायचा असेल त्याने दाजींच्या टेबलाशी यायचं, उभं राहायचं, आणि काय बदललं ते एका वाक्यात सांगायचं. साध्या वाक्यात. तांत्रिक शब्द आला की आकडा नाही.

"बोल," दाजी म्हणायचे.

"दाजी, स्लॉट अलोकेशनचं लॉजिक रिफॅक्टर केलंय." हा प्रोग्रॅमर. त्याला सगळे दाढी म्हणत.

"हे कुणाला सांगतोयस? मशीनला की मला?"

"तुम्हाला."

"मी पेशंट आहे. हाताला सुया टोचल्यात. तोंड कोरडं पडलंय. सांग."

दाढी डोकं खाजवायचा. "म्हणजे... सकाळची वेळ भरलेली असेल तर साइट आता आपणहून दुपारची दाखवेल."

"हं. मग मघाशी शिव्या कशाला देत होतास?"

सगळे हसायचे. दाजी आकडा द्यायचे. बदल चढायचा. आणि मग दाजी उठून खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरशी जायचे. तो ऑफिसच्या वायरींना जोडलेला नव्हता. घरी कुणी पेशंट जशी साइट उघडेल तशी त्याच्यावर उघडायची. साइट दोन सर्व्हरवर चालायची, आणि कुठला माणूस कुठल्या सर्व्हरच्या वाट्याला येईल ते सांगता यायचं नाही. म्हणून दाजी पान पुन्हा पुन्हा उघडायचे. बंद करायचे, उघडायचे. दरवेळी तळाचा आकडा मोठ्याने वाचायचे. चार-सात-तीन. चार-सात-तीन. दोन्ही सर्व्हर नवे झालेत असं मन भरेपर्यंत. मग मान वर न करता म्हणायचे, "दिसलं."

की खुर्च्या सरकायच्या. पिशव्या उचलल्या जायच्या. त्या शब्दाआधी कुणी घरी जात नसे. नवीन माणूस आला की त्याला संडास कुठे आहे ते सांगायच्या आधी हे सांगितलं जायचं. दाजी दिसलं म्हणेपर्यंत बसायचं.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण दाजी ज्याच्यावर रागावलेले असत त्याचं वाक्य त्यांना पटतच नसे. एका मुलीला त्यांनी एकच वाक्य इतक्यांदा फिरवून बोलायला लावलं की ती रडत खाली काचेच्या दुकानात जाऊन बसली. आणि एकदा दाजी तापाने पडले, तेव्हा एका केंद्राचा चुकलेला फोन नंबर आठवडाभर तसाच राहिला. दुरुस्ती तयार होती. आकडा द्यायला दाजी नव्हते. फोन लागायचा तो एका शिंप्याला. शिंपी बिचारा पेशंटांना सांगून सांगून दमला.

त्या आठवड्यानंतर मेहुण्यांनी मालकांकडे विषय काढला. मेहुणे तोवर प्रमुख झाले होते. हुशार होते, बोलायला गोड होते, आणि दाजींच्या टेबलाशी उभं राहून वाक्य सांगायची वेळ त्यांच्यावरही येत होती.

"हे आपोआप व्हायला हवं," ते म्हणाले. "आकडा मशीन देईल. पानावर मशीन टाकेल. सगळ्यांना कळवेल. कुणाच्या तापावर कंपनी अडून राहता कामा नये."

मालकांनी दाजींकडे बघितलं. "दाजी, मग तुम्हीच लिहा ना ती स्क्रिप्ट, मशीनने काय काय करायचं त्याची. तुमच्याइतकं यातलं कुणाला ठाऊक आहे?"

दाजी म्हणाले, "लिहितो की."

घरी बायको मटार सोलत होती. दाजी समोर बसले आणि शेंगा न सोलता नुसत्या मोडत राहिले.

"अहो, तो तुमचं वाईट करेल का? लहानपणापासून तुमच्या मागेमागे असतो."

"वाईट कुठे करतोय? चांगलंच करतोय. मला आराम देतोय."

"मग घ्या ना आराम."

"माझ्या खुर्चीत बसणारं मशीन मलाच घडवायला सांगितलंय तुझ्या भावाने. वर हसतमुखाने."

"त्याचा चेहराच तसा आहे. आईवर गेलाय. आणि शेंगा मोडू नका, दाणे फुटतात."

पण दाजींनी ती स्क्रिप्ट लिहायला घेतली आणि घोळ झाला. त्यांना ती आवडायला लागली. ती मागचा आकडा शोधून काढायची, पुढचा स्वतः ठरवायची, प्रत्येकाने लिहिलेली वाक्यं गोळा करायची, आकडा पानाच्या तळाशी छापायची, आणि नवी आवृत्ती आधी एका सर्व्हरवर, मग दुसऱ्यावर नेऊन ठेवायची. पहिल्यांदा आकडा आपोआप पुढे सरकला तेव्हा दाजींनी डावा बूट पायात घातला आणि उठून उभे राहिले. आजूबाजूला बघितलं. सगळे आपापल्या कामात होते. ते परत बसले.

एकच गोष्ट त्यांनी शेवटाला ठेवली होती. सगळं झाल्यावर मशीनने बाहेरच्या माणसासारखं जाऊन साइट उघडून बघायचं. दोन्ही सर्व्हरवरचा आकडा वाचायचा. दोन्हीकडे नवा असेल तरच पुढचं बोलायचं. कसं करायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. एका दुपारचं काम.

त्याआधीच मेहुण्यांनी सगळ्यांना गोळा केलं. मोठ्या पडद्यावर स्क्रिप्ट चालवून दाखवायची होती. मेहुण्यांनी त्यात आपल्या हाताने एक भर घातली होती, आणि ती कुणाला सांगितली नव्हती. आकडा छापला गेला, आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर, ऑफिसच्या ग्रुपमध्ये, दाजींचा फोटो आला. चष्मा नाकावर, भुवया वर. खाली एकच शब्द. दिसलं.

हशा पिकला. टाळ्या पडल्या. दाढी ओरडला, "दाजी अमर झाले!"

मेहुण्यांना खरंच वाटलं होतं की दाजी खूश होतील. मान म्हणूनच त्यांनी तो फोटो घातला होता. नंतर ते हे अनेकांना सांगत राहिले, आणि ते खोटं नव्हतं.

दाजी स्वतःच्या फोटोकडे बघत होते. तो फोटो दिसलं म्हणत होता. त्याने काहीही बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या सर्व्हरवर तर अजून काही पोचलंही नव्हतं.

"बरं दाजी," मेहुण्यांनी विचारलं, "काही राहिलं का यात?"

एक वाक्य पुरलं असतं. साधं. सुया टोचलेल्या माणसालाही कळेल असं.

"काही नाही," दाजी म्हणाले.

घरी हे 'काही नाही' सगळ्यांना ठाऊक होतं. ते आलं की बायको दोन दिवस त्यांच्या आवडीची भाजी करायची आणि मुलं आवाज कमी करायची. मेहुणे त्याच घरात वाढल्यासारखे होते. त्यांनी क्षणभर दाजींकडे निरखून बघितलं. मग टाळ्यांकडे वळले.

त्यानंतर दाजींचं टेबल हललं. त्या जागी पाण्याचं मशीन आलं. दाजींना कोपऱ्यात बसवलं आणि जुन्या फाइली लावायला दिल्या. कुणी त्रास दिला नाही. येता-जाता सगळे विचारायचे, "काय दाजी, आराम?" त्याचाच त्रास होता.

पण काही दिवस ते चोरून बघत राहिले. ग्रुपमध्ये फोटो आला की उठून खिडकीजवळच्या कॉम्प्युटरशी जायचे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एकदा दुसरा सर्व्हर मागे राहिलेला त्यांनी पकडलाही. मुकाट्याने हाताने नवा केला आणि कुणाला बोलले नाहीत. आपल्याला ते बोलावंसं का वाटलं नाही, याचा विचारही केला नाही.

मग एका सकाळी खिडकीजवळ कॉम्प्युटर नव्हता. भंगारात गेला होता.

"दाजी, ते बघायला आता मशीन आहे," मेहुणे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही किती दिवस खिडकीत उभे राहणार? लोकांना वाटायचं वरच्या डॉक्टरची वाट बघताय."

शेजारी दोघं-तिघं हसली. दाजीही हसले.

त्या दिवसापासून त्यांनी बघणं सोडलं. फोनवरही बघता आलं असतं. तेही नाही. ते वाट बघू लागले. कधीतरी चूक होईल. लहानशी होईल. एखादं बटण हलेल, एखादी वेळ मागे-पुढे दिसेल, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि मग सगळी मुंडकी कोपऱ्याकडे वळतील. चूक किती मोठी हे आपणच ठरवणार आहोत, असं त्यांनी का धरलं कोण जाणे.

एका संध्याकाळी एका केंद्रावरून फोन आला. त्यांचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं. उद्या केंद्र बंद. उद्याचे सगळे पेशंट नदीपलीकडच्या केंद्रावर पाठवायचे. साइटवर तसं दिसायला हवं, आजच. दाढीने धावपळ करून बदल केला. काम चोख होतं. स्क्रिप्ट चालली. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. दाजींचा फोटो. दिसलं.

खुर्च्या सरकल्या. पिशव्या उचलल्या गेल्या. इतक्या वर्षांची सवय. तो शब्द आला की पाय आपसूक जिन्याकडे वळायचे.

दाजीही उठले. दाराशी थांबले. फोन खिशात होता. पान दोन-चारदा उघडलं असतं तर कळलं असतं. लिफ्ट आली. आतून कुणीतरी म्हणालं, "दाजी, येताय ना?"

ते आत गेले.

दुसऱ्या सर्व्हरमधली जागा भरलेली होती. नवी आवृत्ती तिथे मावली नाही. तो जुनीच दाखवत राहिला.

सकाळी कंपनीत सर्वात आधी पोचली ती फोनबाई. लोकांचे तक्रारीचे फोन घ्यायची, म्हणून हे नाव. वयाने लहान. साहित्य शिकलेली, नोकरी न मिळाल्याने इथे लागलेली. ती कुलूप उघडत होती तेव्हाच आत फोन वाजत होता.

"साइटवर लिहिलंय इथेच या. आम्ही इथेच आलोय. शटर बंद आहे." एक बाई बोलत होती. "शेजारचे म्हणतात आज उघडणार नाही. आईला श्वास लागतोय. मी काय करू?"

"नदीपलीकडचं केंद्र—"

"तिथवर नाही जाणार ती. ऐका. ऐकू येतंय का?" आणि त्या बाईने फोन आईच्या तोंडाजवळ नेला.

फोनबाईने ऐकलं. मग अँब्युलन्सला फोन लावला. मग दुसरा फोन वाजला. मग तिसरा. निम्मे लोक नदीपलीकडे नीट पोचले होते. निम्मे बंद शटरसमोर उभे होते. दोघांनीही साइट बघितली होती.

ती म्हातारी वाचली. फार दिवस दवाखान्यात काढले, पण वाचली. केंद्रांनी मात्र कंपनीला हात जोडले आणि दुसरी साइट बघितली. जी राहिली ती थोडी.

त्याच दुपारी मालकांनी सगळ्यांना बसवलं. वर डॉक्टरचं यंत्र चालू होतं.

"ही स्क्रिप्ट कुणी लिहिली?"

दाजींनी तोंड उघडलं. त्याआधी मेहुणे बोलले. "लिहिली दाजींनी. पण दिसलं मी घातलंय. काही न बघता मशीन दिसलं म्हणतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दाजींना मी पुरता वेळ दिला नाही. चूक माझी."

मालक दाजींकडे वळले. "दाजी, तुमच्या लक्षात आलं होतं का हे?"

सगळी मुंडकी कोपऱ्याकडे वळली.

समोर चहा होता. दाजींनी कपात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

मेहुण्यांनी संध्याकाळी आपलं सामान एका पिशवीत भरलं. फारसं नव्हतंच. जाताना नेहमीसारखं म्हणाले, "येतो दाजी." दाजी म्हणाले, "ये."

मालकांनी दुसऱ्या दिवशी पाण्याचं मशीन हलवलं. दाजींचं टेबल जागेवर आलं. खिडकीशी एक कॉम्प्युटर आला, आधीच्यापेक्षा नवा. हवं होतं ते सगळं मिळालं.

घरी बायको ताट वाढत होती. वाढताना प्रत्येक भांडं जरा जास्तच आपटत होती.

"वहिनीचा फोन होता," ती म्हणाली. "दिवसभर बाल्कनीत बसून असतो म्हणे. दाढीसुद्धा करत नाही."

"मिळेल दुसरी नोकरी."

"तुम्ही होतात ना तिथे? त्याच्या बाजूने काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं होतं?"

"मला काय ठाऊक? मला तुमच्या मशीनमधलं काय कळतंय?" तिने पाण्याचा तांब्या ठेवला. "तुम्हाला टेबल मिळालं ना परत. जेवा."

टेबल मिळालं, पण वेगळंच काहीतरी झालं. लोक पूर्वीसारखे येऊन वाक्य सांगायचे. दाजी आकडा द्यायचे, खिडकीशी जाऊन पान उघडायचे, मोठ्याने वाचायचे. दिसलं म्हणायचे. खुर्च्या सरकायच्या नाहीत. प्रत्येक जण खिशातून फोन काढायचा, साइट उघडायचा, तळाचा आकडा स्वतः बघायचा. मग उठायचा. दाजींना पाठीमागून ते सगळे अंगठे ऐकू यायचे.

एकदा फोनबाई जिन्यात डबा खात बसली होती. दाजी शेजारच्या पायरीवर बसले. एरवी ते जिन्यात बसत नसत. तिच्याशी त्यांचं बरं जमायचं. एका वाक्यात नेमकं बोलणारी ती एकटीच, असं ते म्हणत.

"फोनबाई, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "स्क्रिप्टमधलं. पहिल्या दिवसापासून."

तिने घास खाली ठेवला.

"राग आला होता. म्हटलं, होऊ दे. येतील परत माझ्याकडे."

"त्या म्हातारीचा श्वास मी ऐकलाय दाजी."

"ठाऊक आहे."

"मग मला काय सांगताय? मी माफ करायचं का? ते खातं माझ्याकडे नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही. "मेहुण्यांची नोकरी गेली. त्यांना सांगा. मालकांना सांगा. मला जिन्यात सांगून स्वतःला हलकं करू नका."

ती उठून वर गेली. असं बोलायला नको होतं, असं तिला मागाहून वाटलं. नंतर वाटलं, बोलायलाच हवं होतं. ती अजून यातल्या एकावर थांबलेली नाही.

रविवारी दाजी मेहुण्यांकडे गेले. एकटेच. बायकोला म्हणाले, "जरा येतो जाऊन." हातात फळांची पिशवी होती, परक्यासारखी.

मेहुण्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली होती. "या दाजी. फळं कशाला? मी आजारी आहे का?"

दाजी बसले. बूट काढला नाही. वहिनी बाहेर गेली होती. पंखा चालू होता.

"तुला एक सांगायचंय," दाजी म्हणाले.

मेहुण्यांनी त्यांच्याकडे बघितलं. चटकन उठले. "सांगाल हो. आधी हे बाल्कनीचं दार बघा. तळाशी घासतंय. उघडताना असं ओरडतं की शेजारी जागे होतात. तुम्हाला येतं ना सुतारकाम? ताई सांगते नेहमी."

"अरे, पण आधी ऐक."

"आधी दार, दाजी. मग चहा. मग सांगा काय ते."

दोघांनी मिळून दार बिजागऱ्यांवरून काढलं. दोन स्टुलांवर आडवं घातलं. मेहुण्यांनी कुठूनतरी रंधा शोधून आणला. दाजी खालची कड तासू लागले. लाकडाच्या ढलप्या जमिनीवर पडू लागल्या. काम करताना दोघांचे आवाज हळूहळू पूर्वीसारखे झाले. मेहुणे म्हणाले, सरळ चालवा दाजी, दाराला पोट येतंय. दाजी म्हणाले, पोट तुला आलंय, घरी बसून. दोघंही हसले. पार पूर्वीसारखे हसले, असं मेहुणे म्हणतात.

निम्मी कड झाली आणि रंध्याचं पातं चालेना. बोथट झालं होतं. दाजींनी अंगठ्याने धार बघितली.

"कोपऱ्यावर धारवाला आहे ना? लावून आणतो."

"राहू द्या, मी जातो."

"तू चहा टाक. आलोच. आल्यावर सांगतो तुला."

पातं रुमालात गुंडाळून ते खाली उतरले. धारवाल्याच्या दुकानापर्यंत पोचले. तो म्हणतो, त्यांनी पातं माझ्या हातात दिलं, जपून धर म्हणाले, आणि बाकावर बसले. चाक फिरवून झालं, मागे वळून बघितलं, तर ते तसेच बसलेले होते. मान पुढे. त्याला वाटलं, डोळा लागला.

दिवसकार्य झाल्यावर फोनबाई मेहुण्यांच्या घरी गेली. दाजींनी जिन्यात जे सांगितलं होतं ते यांना सांगायचं, असं ठरवून गेली. वाक्यं जुळवून ठेवली होती. मेहुण्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"ते काय सांगणार होते ते ठाऊक होतं मला. दारात उभे होते तेव्हाच कळलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. ऐकलं असतं तर त्यांना घराबाहेर काढावं लागलं असतं. ताईला काय सांगितलं असतं मी? म्हणून म्हटलं, आधी दार."

ती जायला उठली.

बाल्कनीला दाराच्या जागी चादर लावलेली होती. दार खोलीच्या मधोमध स्टुलांवर आडवं होतं. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून चालत होते. खालची कड निम्म्यापर्यंत पांढरी, गुळगुळीत झाली होती. पुढे जुना हिरवा रंग तसाच होता.